जलरंगांसाठी तीन मूळ रंग कसे निवडावेत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंटरमिजिएटची परीक्षा दिल्यावर बरीच वर्षे सुटलेली चित्रकला आता जलरंगांतून पुन्हा सुरू केली आहे. शाळेत लाल, पिवळा आणि निळा हे मूळ रंग शिकवले होते, पण पेटीतला व्हर्मिलियन आणि प्रशियन ब्ल्यू एकत्र केला की जांभळ्याऐवजी तपकिरी चिखल होतो. छपाईच्या व्यवसायातले लोक मॅजेंटा (किरमिजी गुलाबी), सायन (हिरवट आकाशी) आणि पिवळा हेच खरे मूळ रंग असल्याचे सांगतात. मग बरोबर कोण, आणि तीनच ट्यूब घ्यायच्या झाल्या तर कोणत्या घ्याव्यात?

आधी त्या चिखलाचे कारण पाहू, कारण पुढची सगळी निवड त्यावर अवलंबून आहे. कागदावरचा रंग प्रकाशात स्वतःची काही भर घालत नाही. पांढऱ्या प्रकाशातला काही भाग तो शोषून घेतो आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. ढोबळमानाने प्रकाशाचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन हिस्से धरले, तर व्हर्मिलियन त्यांतला हिरवा आणि निळा असे दोन्ही हिस्से शोषतो आणि फक्त लाल परत पाठवतो. प्रशियन ब्ल्यू नेमका तो लाल हिस्सा शोषतो. दोघे एकत्र आले की परत पाठवायला जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही, आणि जे थोडे उरते ते तपकिरी-करडे दिसते. यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. मॅजेंटाकडे झुकणारा गुलाबी घेतला तर तो प्रामुख्याने हिरवा हिस्सा शोषतो, लाल आणि बराचसा निळा परत पाठवतो, आणि म्हणून त्यात निळा मिसळल्यावर जांभळा जिवंत राहतो. याच गुलाबीत पिवळा घातला की पिवळा निळ्या हिस्स्याला अडवतो, गुलाबी हिरव्याला अडवतो आणि स्वच्छ लाल उरतो. म्हणजे लाल हा मिसळून मिळण्यासारखा रंग आहे, पण व्हर्मिलियनपासून गुलाबी मात्र कशानेही परत मिळवता येत नाही. छपाईवाल्यांच्या म्हणण्यातला खरा भाग तो हा.

तरीही जुने शिक्षक चूक होते असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. याकोब ल ब्लों यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात निळा, पिवळा आणि लाल अशा तीन ठशांनी रंगीत छपाई करून दाखवली आणि पुढे त्याच शतकात मोझेस हॅरिस यांनी याच तिघांवर आधारलेले रंगचक्र प्रसिद्ध केले, तेव्हा चित्रकाराच्या हाती असलेले रंगच वेगळे होते. प्रशियन ब्ल्यू नुकता मिळू लागला होता. लाल म्हणजे व्हर्मिलियन, कार्माइन किंवा मंजिष्ठाच्या कुळातले लेक रंग (विरघळणारा रंग पांढऱ्या भुकटीवर बसवून केलेले). आज ज्याला आपण टिकाऊ, स्वच्छ गुलाबी म्हणतो तो क्विनॅक्रिडोन 1958 साली बाजारात आला आणि सायनच्या जवळ जाणारा थॅलो ब्ल्यू 1935 साली. उपलब्ध साहित्यात लाल-पिवळा-निळा हीच रचना सर्वांत कामाची होती आणि ग्रेड परीक्षेच्या रंगचक्रासाठी ती आजही पुरेशी आहे. घरी निसर्गचित्रे रंगवणाऱ्याने मात्र ट्यूबमध्ये प्रत्यक्षात काय भरले आहे त्यावरून निवड करावी.

येथे माझे मुख्य म्हणणे मांडतो. कोणतेही तीन रंग घेतले तरी दिसणारे सगळे रंग त्यांतून मिळत नाहीत. मॅजेंटा आणि सायनच्या सिद्धांतातले आदर्श रंग कोणत्याही कारखान्यात तयार होत नाहीत. प्रत्यक्षातला सायन थोडा हिरवा हिस्सा गिळतो, प्रत्यक्षातला मॅजेंटा थोडा निळा गिळतो आणि त्यामुळे दोघांच्या मिश्रणातून येणारा निळा-जांभळा अपेक्षेपेक्षा काळवंडलेला असतो. प्रत्येक त्रिकूट कुठल्या तरी बाजूला कमी पडते. तेव्हा तुम्ही काय रंगवता आणि त्यासाठी कोणती उणीव चालवून घेऊ शकता, हे ठरवूनच त्रिकूट निवडावे लागते. जो शिक्षक किंवा विक्रेता अमुकच तीन रंग सर्वांसाठी अंतिम असे सांगतो, त्याच्याकडे तो स्वतः काय रंगवतो याची चौकशी अवश्य करावी.

निवड करताना नावावर विसंबू नका, ट्यूबवरचा रंगद्रव्याचा संकेतांक वाचा. तो इंग्रजी अक्षरांत आणि बारीक टाइपात असतो: ‘पी’ म्हणजे पिगमेंट, त्यापुढचे अक्षर रंगाच्या कुळाचे, म्हणजे वाय पिवळ्याचे, आर लालचे, व्ही जांभळ्याचे, बी निळ्याचे, आणि नंतर एक क्रमांक. नावे फसवी असतात. ‘क्विनॅक्रिडोन मॅजेंटा’ या एकाच नावाने विन्सर अँड न्यूटन ही कंपनी पीआर 122 हे द्रव्य विकते, तर डॅनियल स्मिथ पीआर 202 विकते, आणि दोन्हींच्या छटा वेगळ्या आहेत. गॅम्बोज, सॅप ग्रीन, हूकर्स ग्रीन ही तर आता बहुतेक ठिकाणी मिश्रणांची नावे आहेत. ज्या ट्यूबवर दोन किंवा तीन संकेतांक असतील ती मूळ रंग म्हणून घेऊ नये, कारण ती आधीच मिश्रण आहे आणि तुम्ही दुसरा रंग घातला की चार-पाच द्रव्यांचे कडबोळे होते. संकेतांकही सर्व काही सांगतो असे नाही: पीव्ही 19 हे एकच द्रव्य स्फटिकाच्या रचनेनुसार एका रूपात स्वच्छ गुलाबी असते आणि दुसऱ्या रूपात गडद जांभळट, म्हणून तेथे नाव आणि संकेतांक दोन्ही पाहावे लागतात. आपल्याकडच्या स्वस्त केकच्या पेट्यांवर हा संकेतांक अनेकदा छापलेला नसतो. त्या पेट्या सरावासाठी वापराव्यात, पण त्यांच्यावरून त्रिकूटाचा निर्णय करू नये. चोवीस छटांच्या पेटीऐवजी आर्टिस्ट दर्जाच्या तीन लहान ट्यूब घेतल्या तर मिश्रण शिकणे फार लवकर होते.

आता प्रत्यक्ष रंग. सर्वसाधारण कामासाठी, आणि विशेषतः ज्याला मिश्रण शिकायचे आहे त्याच्यासाठी, मी पिवळ्यात पीवाय 154, गुलाबीत पीव्ही 19 आणि निळ्यात पीबी 15:3 सुचवतो. पहिला अनेक कंपन्यांकडे निरनिराळ्या नावांनी मिळतो, दुसरा पर्मनंट रोझ किंवा क्विनॅक्रिडोन रोझ म्हणून ओळखला जातो आणि तिसरा थॅलो ब्ल्यू, हिरव्या झाकेचा.

या तिघांतला निळा सर्वांत सांभाळण्यासारखा आहे. थॅलोची ताकद इतकी असते की नवशिका पिवळ्यात ब्रशभर निळा घालतो आणि पिवळा नाहीसाच होतो. पॅलेटवर आधी पिवळ्याचे पातळ तळे करावे, ब्रश धुऊन टिपून घ्यावा, मग त्याचे फक्त टोक निळ्याला लावून तळ्याच्या कडेला टेकवावे आणि तेथूनच थोडे थोडे आत ओढावे. तळ्यात पोपटी छटा पसरताना दिसते, मग गवती, मग पानांचा गर्द हिरवा, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबता येते. थॅलो कागदाला पक्का धरतो. वाळल्यावर ओल्या ब्रशने घासून तो पूर्ण उचलला जात नाही, म्हणून ज्या जागी नंतर उजेड काढायचा आहे तेथे तो लावू नये. याउलट त्याचा मोठा गुण असा की पातळ केल्यावर तो सायनसारखा स्वच्छ आणि दाट लावल्यावर जवळजवळ काळा, म्हणजे एकाच ट्यूबमध्ये उजेडापासून अंधारापर्यंतची मजल.

ही मजल जलरंगात फार महत्त्वाची आहे आणि मूळ रंगांच्या चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच होतो. पिवळा रंग कितीही दाट लावला तरी उजळच राहतो, त्यामुळे चित्रातला अंधार उरलेल्या दोघांनी पेलायचा असतो. सावळाराम हळदणकर यांचे हातात समई घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पाहणाऱ्याला बोटांमधून झिरपणारा उजेड आठवतो, पण तो उजेड दिसतो तो भोवतीच्या गाढ अंधारामुळे. सेरुलियनसारखा मुळातच फिकट निळा त्रिकूटात घेतला तर असा अंधार कधीच साधत नाही. दुकानात ट्यूब पाहताना सायनच्या सर्वांत जवळची छटा म्हणून अनेक जण सेरुलियन उचलतात, आणि मग सगळी चित्रे दुपारच्या दुधाळ उजेडातली दिसतात. तिन्ही रंग दाट एकत्र करून जो काळपट रंग येतो तो कोळशाइतका गडद येतो की राखेसारखा, ही त्रिकूटाची पहिली कसोटी मी मानतो.

दुसरी कसोटी पारदर्शकतेची. वॉटरप्रूफ काळ्या शाईने कागदावर जाड रेघ ओढावी, ती पूर्ण वाळू द्यावी आणि तिच्यावरून प्रत्येक रंगाचा एकेक पट्टा मारावा. वाळल्यावर रेघेवर रंगाची साय दिसली तर तो रंग अपारदर्शक. कॅडमियमचे पिवळे आणि लाल असे वागतात. स्वतंत्र फटकाऱ्यात ते सुंदर दिसतात, पण मिश्रणात कागदाचा पांढरेपणा झाकतात आणि हिरव्याला पिठूळ करतात. पिवळ्यात पूर्ण पारदर्शकता हवी असेल तर पीवाय 150 पाहावा. ट्यूबमधून बाहेर येताना तो मोहरीच्या पेस्टसारखा तपकिरी दिसतो आणि ग्राहक हमखास बिचकतो, पण पाणी घातले की लख्ख पिवळा होतो. माझ्या मते पावसाळी हिरवळीसाठी याच्यासारखा पिवळा नाही. फक्त दाट लावल्यावर उबदार दिसणारा हा रंग लिंबाच्या थंड पिवळ्याची जागा घेऊ शकत नाही.

तिघांच्या उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. पीव्ही 19 आणि पीवाय 154 मिळून पळसाच्या फुलाचा केशरी-लाल चांगला येतो, पण भर उन्हातल्या पांगाऱ्याचा शेंदरी त्यांच्या आवाक्यात थोडा कमी पडतो. संध्याकाळी सह्याद्रीच्या रांगांवर चढणारा निळा-जांभळा थॅलोतून मिसळला तर जरा शाईसारखा, जड वाटतो. हिरव्यांच्या बाबतीत मात्र हे त्रिकूट उदार आहे, आणि आपल्याकडच्या आषाढातल्या तरव्याचा हिरवा, जो बाहेरच्या पुस्तकांतल्या कुठल्याही तयार हिरव्याशी जुळत नाही, तो येथे सापडतो. हिरवा कर्कश झाला तर गुलाबीचा एक कण पुरतो. तेवढ्याने तो जमिनीवर येतो.

ज्याचा जीव दूरच्या डोंगरांत, ढगांत आणि धुक्यात आहे त्याने थॅलोच्या जागी अल्ट्रामरीन, म्हणजे पीबी 29 घ्यावा. तो लालसर निळा असल्यामुळे गुलाबीशी मिसळून जांभळे स्वच्छ येतात, त्याचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसून पोत तयार होतो आणि वाळल्यानंतरही तो बराच उचलता येतो. त्याच्या मोबदल्यात हिरवे ऑलिव्हकडे झुकतात आणि मालवणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दिसणारा हिरवट निळा पाण्याचा रंग कधीच मिळत नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे घाटमाथ्यावर रंगवतात ते बहुधा या त्रिकूटावर स्थिरावतात, आणि समुद्राकाठचे थॅलोवर.

तिसरा पर्याय मातीच्या रंगांचा आहे आणि तो मला मनापासून आवडतो. यलो ऑकर, बर्न्ट सिएना किंवा लाइट रेड आणि अल्ट्रामरीन. आपल्या जुन्या घरांच्या भिंतींवर पिवडी, गेरू आणि नीळ या रूपात हे तिघे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कपड्यांसाठी मिळणारी निळीची पूड हीसुद्धा मुळात अल्ट्रामरीनच. 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये कृत्रिम अल्ट्रामरीन करण्याची पद्धत सापडली, तोवर हा निळा लाजवर्दी दगड कुटून करावा लागे आणि त्याची किंमत सामान्य चित्रकाराच्या आवाक्याबाहेर असे. या त्रिकूटात तेजस्वी हिरवा नाही, जांभळा नाही, शेंदरी नाही. पण वाड्याची काळ्या दगडाची जोती, जांभ्याच्या भिंती, एप्रिलमधली नांगरलेली रिकामी शेते, जत्रेतली धूळ, म्हाताऱ्या माणसाचा चेहरा यांना तेजस्वी रंग लागतच नाहीत. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिळून जे करडे येतात, प्रमाण थोडे इकडे-तिकडे केले की उबदार किंवा थंड होणारे, तसे करडे शुद्ध मूळ रंगांतून मिसळायला सरावलेल्या हातालाही वेळ लागतो. उन्हाळ्यात दख्खनच्या पठारावर बाहेर बसून रंगवायचे असेल तर मी हेच तीन रंग सोबत नेतो.

जुन्या पुस्तकांतून ऑरिओलिन (पिवळा), रोझ मॅडर (गुलाबी) आणि कोबाल्ट ब्ल्यू या नाजूक त्रिकूटाची फार स्तुती आढळते. त्याची मिश्रणे खरोखर सुंदर असतात, तरीही मी ते सुचवत नाही. कोबाल्ट टिकतो, पण रोझ मॅडर उजेडात उडतो आणि ऑरिओलिन पातळ थरात कालांतराने करपट होतो. अलिझरिन क्रिमसन, म्हणजे पीआर 83, याचीही तीच गत. 1868 मध्ये प्रयोगशाळेत तयार झालेला हा रंग दीडशे वर्षे पॅलेटवर मानाने राहिला, पण पातळ वॉशमध्ये, म्हणजे भरपूर पाण्याने लावलेल्या थरात, तो फिकट पडतो हे वारंवार सिद्ध झाले आहे. सलूनच्या किंवा टपरीच्या भिंतीवरची जुनी छापील पोस्टरे निळी पडलेली तुम्ही पाहिली असतील. त्यांतला मॅजेंटा आणि पिवळा उन्हाने उडालेला असतो. सायन शाईत बहुधा थॅलो असतो, म्हणून निळा मागे राहतो. छपाईचे सिद्धांत चित्रकाराने जरूर वापरावेत, छपाईची न टिकणारी द्रव्ये मात्र वापरू नयेत. ट्यूबवर एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची टिकाऊपणाची प्रतवारी दिली असेल तर 1 आणि 2 या श्रेणीच विश्वासार्ह समजाव्यात. चित्र विकणार किंवा कोणाला भेट देणार असाल तर ही अट सोडता कामा नये. घेणारा माणूस ते भिंतीवर लावणार आहे.

सहा रंगांची पद्धत, म्हणजे प्रत्येक मूळ रंगाचा एक उबदार आणि एक थंड असा जोड, हल्ली सर्वत्र शिकवली जाते. ती चुकीची नाही, पण सुरुवातीलाच सहा ट्यूब हाती आल्या की विद्यार्थी मिसळण्याऐवजी निवडत बसतो. तीन रंगांवर एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा काढावा. त्या काळात मोठ्या कागदावर तिन्ही रंगांचा त्रिकोणी तक्ता करावा: कोपऱ्यांत शुद्ध रंग, कडांवर दोन-दोनची मिश्रणे, आत तिघांची करडी-तपकिरी मिश्रणे, आणि प्रत्येकाची दाट व पातळ अशी दोन ठिपक्यांत नोंद. टप्पे डोळ्यांनी समान ठेवावेत. थॅलो असेल तर रंगाचे माप समान ठेवून टप्पे कधीच समान येत नाहीत. या तक्त्यात पांढरा वापरू नये. चायनीज व्हाइट घातल्यावर रंग फिकट होतो खरा, पण दुधाळही होतो, आणि जलरंगात फिकट करण्याचे काम पाण्याचे आणि कागदाचे आहे.

तक्ता झाल्यावर चौथी ट्यूब कोणती हवी ते आपोआप कळते. थॅलोवर शिकलेल्याने मी अल्ट्रामरीन आधी घेण्यास सांगेन, त्यानंतर बर्न्ट सिएना, आणि गुलमोहर-पांगाऱ्याची ओढ असेल तर पायरोल कुळातला लाल, पीआर 254. दुसरा पिवळा सर्वांत शेवटी, कारण मुळच्या पिवळ्यात गुलाबीचा अगदी अल्प अंश घातला की उबदार पिवळा जवळजवळ मिळतोच.

एक शेवटची सूचना टिकाऊपणाच्या घरगुती चाचणीबद्दल, कारण संकेतांक नसलेल्या ट्यूब अनेकांकडे आधीच असतात. प्रत्येक रंगाचा दाटपासून पातळ होत जाणारा पट्टा चांगल्या कागदावर ओढावा, वाळल्यावर त्याची लांबीतली अर्धी बाजू जाड काळ्या कागदाने पक्की झाकावी आणि तो दक्षिणेकडच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवावा. चाचणी दसऱ्यानंतर सुरू करावी. पावसाळ्यात ऊन नसते आणि दमटपणामुळे कागदावर बुरशी येऊन निकाल बिघडतो, शिवाय थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने त्या खिडकीत ऊन थेट येते. होळीच्या सुमारास झाकण काढून दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. पातळ टोकाला फरक दिसला तर तो रंग वहीतल्या सरावापुरता ठेवावा.